चारही चाकं ओढतात, मग नाक बाहेर का जातं?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितोय. प्रश्न जवळपास ठरलेल्या शब्दांत येतो: "इतकी वर्षं पुढची चाकं ओढणारी गाडी ट्रॅकवर चालवली. आता चारही चाकं ओढणारी सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय घेतली. सगळे म्हणाले, रस्त्याला चिकटून चालते. पण वळणात शिरलं की नाक बाहेर जातं आणि लॅप जुन्या गाडीपेक्षा हळू होतो. सेटअप चुकलाय का?" विचारणारे बहुतेक न्यू जर्सी, कनेटिकटकडचे, सुट्टीच्या दिवशी लाइम रॉकच्या रेसट्रॅकला किंवा मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कला जाणारे. काही जण कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला शिकून इकडे आलेले. तिथे टूरिंग कार म्हणजे पोलो, सिटी असल्याच गाड्या, म्हणजे ओढ पुढूनच.

सेटअपचा वाटा आहे, पण आधी उजव्या पायाचं बघू.

टायरची पकड ठरावीक असते. ती वळण्यात वापरली तर ओढायला उरत नाही, ओढण्यात घालवली तर वळायला उरत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हे तुम्ही रोज अनुभवलंय: वळणाच्या मध्यावर जास्त ॲक्सिलरेटर दिला की टायर ओरडतो, आतलं चाक घसरतं, स्टिअरिंग हलकं पडतं. गाडी लगेच तक्रार करते, तुम्ही लगेच पाय सोडता. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये मागची चाकंही ओढत असल्यामुळे ही तक्रार उशिरा आणि दबक्या आवाजात येते. पुढची चाकं आपल्या वाट्याची ओढ घेतच असतात, शिवाय ॲक्सिलरेटर दिल्याबरोबर वजन मागे सरकून पुढचे टायर हलके होतात. गाडी छान पुढे जातेय असं वाटतं. ती जात असते बाहेर.

मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीवरून आलेल्यांची अडचण वेगळी. ॲक्सिलरेटरने शेपूट फिरवून नाक आत आणायची त्यांना सवय असते. इथे नाक न वळलेल्या गाडीला आणखी रेस दिली, तर ती आणखी सरळ जाते.

दुसरं कारण मधल्या डिफरन्शिअलचं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचं. वळणात पुढचा ॲक्सल मागच्यापेक्षा मोठ्या वर्तुळावर फिरतो. २०१५ नंतरच्या एसटीआयचा व्हीलबेस साधारण २.६५ मीटर. हेअरपिनमध्ये, म्हणजे उलट फिरवणाऱ्या तीव्र वळणात, मागच्या ॲक्सलचा मध्य १५ मीटर त्रिज्येवर असेल, तर पुढच्याचा सुमारे १५.२३ मीटरवर येतो. अर्धवर्तुळात हा फरक ७० सेंटिमीटरच्या वर जातो. मधलं डिफरन्शिअल मोकळं असेल तर ते हा फरक गिळतं. लॉक असेल तर तो टायर घासूनच भरून निघतो, आणि कमी वेगाच्या वळणात त्याचा भार नाकावर येतो. वेगवान वळणात त्रिज्या मोठी, त्यामुळे फरक किरकोळ. हेअरपिनमध्ये हट्टी वाटणारी गाडी पाचव्या गिअरच्या वळणात शहाणी वाटते, त्याचं एक कारण हे.

एसटीआयमध्ये यासाठी डीसीसीडीचं, म्हणजे मधलं डिफरन्शिअल चालकाने मोकळं किंवा लॉक करायचं, छोटं चाक असतं. पूर्ण मोकळं ठेवलं की पुढे-मागे ओढीची ४१:५९ अशी विभागणी (२००४च्या अमेरिकन गाडीत ३५:६५), आणि चाक फिरवत नेलं की हळूहळू लॉक. कोरड्या ट्रॅकवर सुरुवात मॅन्युअलमध्ये, मोकळ्या बाजूला करा. ऑटो वाईट नाही, पण ते प्रत्येक वळणात वेगळा निर्णय घेतं आणि शिकणाऱ्याला कळत नाही की फरक आपल्या पायाने पडला की कॉम्प्युटरने. पाय सुधारला की एकेक टप्पा लॉककडे न्या. बाहेर पडताना आतलं चाक घसरणं थांबेल. नाक जड वाटायला लागलं की एक टप्पा मागे या.

आता वळण. आधीच्या गाडीचं ब्रेक मारायचं ठिकाण १० मीटर अलीकडे आणा. ब्रेक एकदम सोडू नका. मुख्य जोर सरळ रेषेत, मग स्टिअरिंग फिरत जाईल तसा पाय उचलत जा आणि अगदी शेवटचा हलका दाब ॲपेक्सच्या (गाडी वळणाच्या आतल्या कडेला सगळ्यांत जवळ येते तो बिंदू) जवळपर्यंत धरून ठेवा. तेवढ्या दाबाने पुढच्या टायरवर वजन राहतं आणि गाडी फिरते. या गाडीत वळण इथेच होतं, ॲक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावायच्या आधी. रेषा गोल कमानीची नको, इंग्रजी व्ही अक्षरासारखी हवी: खोल आत जा, छोट्या जागेत गाडी फिरवा, ॲपेक्स उशिरा घ्या, आणि स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की मग पूर्ण पाय. इथे ही गाडी इतरांना मागे टाकते, कारण घसरण्याची भीती न बाळगता सगळा जोर लावता येतो. वेगवान वळणांना मात्र व्ही लावू नका. तिथे वेग टिकवणारी कमानच बरी.

ॲक्सिलरेटर लवकर दिला की योग्य वेळी, हे ओळखायची खूण डेटा लॉगरमध्ये, म्हणजे गाडीच्या हालचाली नोंदवणाऱ्या यंत्रात, आहे. ॲक्सिलरेटरची रेघ बघा. ती करवतीच्या दातांसारखी असेल, म्हणजे दिला, सोडला, परत दिला, तर पहिला दात चूक होता. त्या ठिकाणी अर्धा सेकंद थांबा आणि एकदाच द्या. लॉगर नसेल तर स्टिअरिंगच्या माथ्यावर रंगीत टेप लावा. टेप ९० अंशांच्या पलीकडे असताना पाय तळाला टेकवायचा नाही, एवढाच नियम पहिल्या दिवशी पुरतो.

शेपूट सुटली तर? सुटते, ब्रेक धरून आत शिरताना किंवा मध्येच पाय उचलल्यावर चांगलीच सुटते. उलटं स्टिअरिंग थोडंच द्या, पाय झटक्यात उचलू नका, हलका ॲक्सिलरेटर द्या आणि पुढची चाकं जिथे जायचंय तिकडे रोखून ठेवा. ही गाडी पुढच्या चाकांच्या दिशेने स्वतःला ओढून घेते. म्हणूनच उलटं स्टिअरिंग जास्त दिलं आणि तसंच राहिलं, तर पकड परत येताक्षणी गाडी त्या बाजूला झेपावते. भिंतीला लागलेल्या अशा बऱ्याच गाड्या पहिल्या घसरणीने नाही, दुसऱ्या झटक्याने लागतात. ट्रॅकआधी हे ओल्या स्किडपॅडवर (घसरणीचा सराव करायच्या मोकळ्या जागेवर) करून बघा: ट्रॅफिकच्या शंकूंनी आखलेलं १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ, डिफरन्शिअल आधी मोकळं, मग अर्धं, मग लॉक, वेग तोच. टेप किती अंशांवर जाते ते प्रत्येक वेळी लिहून ठेवा.

सेटअपमध्ये पहिला खर्च कॅम्बर प्लेटचा, म्हणजे चाकाचा उभा कल (कॅम्बर) बदलू देणाऱ्या पट्टीचा. पुढे मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचं सस्पेन्शन असल्यामुळे गाडी कलली की बाहेरच्या टायरचा कॅम्बर हरवतो आणि टायर खांद्यावर चालतो. पुढे उणे ३ ते ३.५ अंश, मागे उणे २ ते २.५, टो (वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली दिसतात ते) दोन्हीकडे शून्याच्या आसपास. मागचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) जाड किंवा एक भोक कडक. पुढचा आहे तसा. आधी पुढचा कडक करू नका, त्याने नाक आणखी बाहेर जाईल. मग टायरचं तापमान आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी तापमापकाची सुई टोचून मोजा. गाडी पिटमध्ये येताच मोजा, कूल-डाउन लॅपनंतरच्या आकड्यांना फारसा अर्थ नसतो. आतली कड बाहेरच्यापेक्षा ५ ते ८ अंश सेल्सिअस गरम असेल तर ठीक. बाहेरची गरम असेल तर कॅम्बर कमी पडतोय, किंवा चालक अजून स्टिअरिंग जास्त फिरवतोय. दुसरं आधी तपासा.

टायरच्या बाबतीत ऑल-व्हील-ड्राइव्ह हलगर्जी खपवून घेत नाही. चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे ६ मिलिमीटरच्या थोड्या वर, फरक नको असं सुबारू सांगते. हिशोब करून बघा: ट्रेड १ मिलिमीटर झिजला की परीघ ६.२८ मिलिमीटरने घटतो. म्हणजे पुढचे टायर मागच्यापेक्षा जेमतेम १ मिलिमीटर जास्त झिजले की तुम्ही मर्यादेवर पोचलात, आणि मधलं डिफरन्शिअल सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं, तापतं. लाइम रॉकला एक वळण सोडलं तर सगळी उजवी, त्यामुळे पुढचा डावा टायर सगळ्यांत आधी मरतो. दर सत्रानंतर पुढचे-मागचे टायर आपसांत अदलाबदल करा आणि शिवणकामाच्या टेपने परीघ मोजा. दोनच नवे टायर घालून पैसे वाचवायचा विचार या गाडीत सोडून द्या. पुढे-मागे वेगळ्या कंपनीचे टायरही नकोत, साइज तीच छापलेली असली तरी.

तेलाचंही तसंच. सुबारूत गिअरबॉक्स, मधलं आणि पुढचं डिफरन्शिअल यांचं तेल एकच, सुमारे ४ लिटर. मागच्याचं वेगळं, सुमारे १ लिटर. दर तीन-चार ट्रॅक दिवसांनी दोन्ही बदला. तेल काढायच्या बुचाच्या चुंबकावर राखाडी पेस्ट असेल तर चालेल, चकचकीत कपचे दिसले तर गाडी उचलून उघडा. ब्रेक फ्लुइड ३०० अंश सेल्सिअसच्या वर उकळबिंदू असलेलं घ्या. गाडी दीड हजार किलोच्या पुढे आहे आणि तुम्ही ब्रेक जास्त वेळ धरणार आहात.

गोल्फ आर किंवा ऑडी एस३ असेल तर वरचं बरंच बदलतं. तिथे इंजिन आडवं, मूळ ओढ पुढून, आणि मागे जोर पाठवायला क्लचचं कपलिंग. ब्रेकवर कपलिंग सैल होतं, त्यामुळे आत शिरताना ती तुमच्या जुन्या गाडीसारखीच वागते. मात्र लांब सत्रात कपलिंग तापलं तर मागची ओढ कमी होते आणि नाक अचानक जड वाटायला लागतं. तेव्हा सेटअपला हात लावू नका, दोन लॅप हळू काढा. कपलिंगचं तेल आणि पंपाची जाळी साफ ठेवा. जाळी तुंबली की पंपच जातो.

"पण मग या गाड्या जिंकतात कशा?" हा पुढचा प्रश्न. १९८८मध्ये अमेरिकेच्या ट्रान्स-ॲम शर्यतमालिकेत ऑडी २०० क्वाट्रोने विजेतेपद नेलं, निस्सान स्कायलाइन जीटी-आरने १९९१ आणि १९९२ची ऑस्ट्रेलियातली बाथर्स्ट शर्यत जिंकली, फ्रँक बीलाने १९९६ची ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धा ऑडी ए४ क्वाट्रोवर घेतली. वजन लादूनही भागेना, तेव्हा सुपर टूरिंगमध्ये, म्हणजे त्या ब्रिटिश स्पर्धेच्या गाड्यांच्या वर्गात, चार चाकांच्या ओढीवर बंदी आली. ब्रिटनमध्ये सुरुवात उभ्या गाडीने व्हायची, आणि तिथेच क्वाट्रो पुढे निघायची. अमेरिकेतल्या क्लब शर्यती बहुधा चालत्या सुरुवातीच्या, म्हणजे तो फायदा तुम्हाला नाही. तुमच्याकडे उरतात हळू वळणांच्या बाहेरच्या वाटा, आणि पाऊस.

पावसात एक गोष्ट ध्यानात ठेवा: ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. ओल्या वळणातून तुम्ही इतरांपेक्षा खूप जोरात बाहेर पडाल, पुढच्या वळणाशी जास्त वेगाने पोचाल आणि थांबायला तुमच्याकडे त्यांच्याएवढीच पकड असेल. त्यामुळे कोरड्यातला १० मीटरचा हिशोब इथे चालत नाही. सरळ पट्ट्याच्या शेवटी पहिल्या ओल्या लॅपला ३०-४० मीटर अलीकडे ब्रेक मारा आणि मग एकेक टप्पा पुढे सरका. मागचा बार मऊ भोकात टाका. डीसीसीडी एक-दोन टप्पे लॉककडे न्या. आणि कोरड्याची रबर माखलेली रेषा सोडून एक गाडी बाहेरून जा, तिथल्या खडबडीत डांबरावर पकड जास्त मिळते.