गाव नमुना 14

2023 च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचायला मी तहसीलच्या अभिलेख कक्षात बसत होतो. समोर कोतवाल बुकांचे गठ्ठे. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही.

त्या दिवशी सत्तरी ओलांडलेले एक आबा नातवाला घेऊन आले. तिसरी खेप होती त्यांची. आजोबांचा जन्म काही सापडत नव्हता. ते आडनाव शोधत होते. या जुन्या वह्यांत आडनाव क्वचितच. जन्माच्या नोंदीत बाळाचंही नाव नसतं. बारशाआधीच नोंद व्हायची, म्हणून नुसतं ‘मुलगा’ नाहीतर ‘मुलगी’, आणि बापाचं नाव. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, एवढ्यावर माणूस ओळखायचा.

“आबा, आजोबा लहानाचे मोठे कुठं झाले?”

“इथंच, मामाकडं. मानमोडीत आईबाप गेले न्हवं त्यांचे.”

म्हणजे इतके दिवस आम्ही त्यांच्या आजोळचं पुस्तक चाळत होतो! मूळ गावचं 1918 चं पुस्तक काढलं.

सप्टेंबरपर्यंत एका पानात दोन-दोन महिने मावले होते. ऑक्टोबर मात्र पानांमागून पानं सरेना. मरणाच्या कारणात ताप. ताप. खाली पुन्हा ताप. घराघरांत ‘मानमोडी’ म्हणून आठवली जाणारी इन्फ्लुएंझाची साथ कागदावर एवढ्याच शब्दात उतरली होती. आधीचं वळणदार अक्षर पुढं नुसतं फरपटत गेलं होतं, आणि एका पानापासून हातच बदलला होता. तिथं मी बराच वेळ थांबलो.

पुढच्या पानावर पणजोबा मिळाले. चार दिवसांनी त्यांच्या नावापुढे ‘कोम’ लावलेली पणजी. आणि दोघांच्या मध्ये एक ओळ: मुलगी, वय 3, बापाचं नाव तेच.

“आजोबांना भन होती?” आबांचा आवाज बसला. “कदी बोललं न्हाईत.”

मग मागं जाऊन 1911 च्या पुस्तकात त्याच बापाच्या नावावर ‘मुलगा’ मिळाला. जातीच्या रकान्यात कुणबी. काम झालं होतं. दाखल्याच्या वंशावळीला पणजोबा, आजोबा, वडील, आबा अशी सरळ रेघ पुरते.

आबा उठेनात. “तिलाबी लिवा.”

नातवानं पणजोबांच्या खाली दुसरी रेघ ओढली, पेन टेकवलं आणि नावासाठी माझ्याकडे पाहिलं. मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणालो, “मुलगी, एवढंच लिही.”