आजीनं गुडघे छातीशी धरले

आषाढातली सकाळ होती. जांबोटीकडची बस पावसामुळे उशिरा आली आणि त्या बसमधून एक आजी अडीच वर्षांच्या नातीला घेऊन उतरली. खानापूर तालुक्यातल्या एका दवाखान्यात मी तेव्हा स्टाफ नर्स होते. दोन दिवसांचा ताप, वजन जेमतेम नऊ किलो. नखं जांभळट, बोटांची टोकं फुगीर. हृदयाला जन्मतःच काहीतरी आहे, हे दिसत होतं. तरी रक्त घ्यायला मी सुई टोचली. अशा बाळाला आधी शांत करायचं असतं, रडवायचं नसतं. ती चूक माझी.

रडता रडता तिचा आवाजच बसला. ओठ पिकल्या जांभळासारखे झाले, श्वास खोल आणि भराभर. बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन ४८. मी सिलिंडरकडे धावले. वळून बघते तर आजीनं पोरीला मांडीवर घेऊन तिचे दोन्ही गुडघे छातीशी घट्ट धरलेले.

"घरात पण असंच हुतंय, अक्का. दमली की ही आपली आपण उकिडवी बसती, मग बरं वाटतंय तिला. म्हणून मी असं धरते."

नर्सिंगच्या पुस्तकात पहिला उपाय म्हणून हेच लिहिलेलं आहे. आजीनं ते नातीकडं बघून शोधलं होतं.

या आजाराला टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणतात. हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये छिद्र असतं आणि फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद असते. रडताना ती वाट आणखी आवळते, मग अशुद्ध रक्त छिद्रातून थेट शरीरात जातं. गुडघे दुमडले की पायाकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्ताला फुप्फुसाकडं वळावं लागतं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. "मर्मर ऐकूच येईना," म्हणाले. मर्मर म्हणजे अरुंद वाटेनं रक्त जाताना हृदयात होणारा आवाज. मला हायसं वाटलं, पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्या अरुंद वाटेनं रक्त जायचंच थांबत आलं होतं, म्हणून आवाज नव्हता.

ऑक्सिजन, मॉर्फिन, सलाईन. सलाईनची नळी मी उजेडाकडं धरून टिचक्या मारत एकेक बुडबुडा बाहेर काढला. एरवी बारीकसा बुडबुडा फुप्फुसात अडकून जिरतो. इथं तो छिद्रातून सरळ मेंदूत जाऊ शकतो. जंतूंचंही तसंच, म्हणून या मुलांच्या मेंदूत गळू होण्याची भीती असते. ताप आणि डोकेदुखी एकत्र आली तर घरी थांबू नका, हे मी आजीला दोनदा सांगितलं.

वीसेक मिनिटांनी आकडा ७८ वर आला. मग १०८ मधून बेळगाव, सव्वीसेक किलोमीटर. गुडघे आजीनं वाटभर सोडले नाहीत. पुढं पाठवायचा कागद कन्नडमध्ये होता, आजीला फक्त मराठी येत होतं. मागच्या कोऱ्या बाजूला मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: निळी पडली की गुडघे छातीशी, पाणी कमी पडू द्यायचं नाही, रडू द्यायचं नाही.

काही महिन्यांनी ऑपरेशन झालं. छिद्रावर ठिगळ लावलं, वाट रुंद केली. झडप गळते का हे बघायला तपासणी आता जन्मभर करावी लागणार.

पुढच्या पावसाळ्यात आजी परत आली, घाबरलेली. "उकिडवी बसलीय बघा परत!" मी व्हरांड्यात गेले. पोरगी फरशीवर उकिडवी बसून चिंचोके मांडत होती. हात उजेडात धरून बघितला. नखं गुलाबी होती.