पगारवाढ नको म्हणणारे दोघे

मी पुण्यात करसल्लागार आहे. जानेवारीत कंपन्या गुंतवणुकीचे पुरावे मागू लागल्या की कचेरीत वर्दळ वाढते. यंदाच्या जानेवारीत चाकणच्या एका कारखान्यातील अभियंता आला आणि म्हणाला, "सर, चाळीस हजारांचा इन्सेंटिव्ह मिळतोय, तो नाकारू का?"

प्रश्न विचित्र वाटला तरी त्याचा हिशेब बरोबर होता. वार्षिक पगार 12,75,000 रुपये. त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न नेमके 12 लाख उरते आणि 2025-26 पासून नव्या करप्रणालीत ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या सवलतीमुळे त्यावर कर शून्य होतो. इन्सेंटिव्ह धरला की टप्प्यांप्रमाणे कर 66,000 निघतो, पण सीमांत सवलत असल्यामुळे तो 12 लाखांवरच्या रकमेइतका, म्हणजे 40,000 होतो, आणि त्यावर चार टक्के उपकराचे 1,600 चढतात. म्हणजे मिळालेले सगळे सरकारजमा, वर पदरचे सोळाशे. करपात्र उत्पन्न सुमारे 12 लाख 70 हजार होईपर्यंत जादा रुपयाची हीच गत. कंपनी तयार असेल तर ती रक्कम एनपीएसमधील (राष्ट्रीय पेन्शन योजनेतील) मालकाच्या हिश्श्यातून घ्या, असे मी सुचवले, कारण मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत तो हिस्सा नव्या प्रणालीतही वजावटीस पात्र आहे.

तो गेल्यावर फायली लावणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मग माझे पाचशेपण राहू द्या, सर."

मी त्यांना महिना पाचशेची वाढ देणार होतो. त्यांचा पगार 8,500, वॉचमन असलेल्या नवऱ्याचा 12,000, वर्षाचे 2,46,000. वाढ दिली तर 2,52,000, आणि लाडकी बहीण योजनेची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. सहा हजारांसाठी वर्षाचे अठरा हजार सोडायचे. बारा लाखवाल्यासाठी कायद्याने निदान सीमांत सवलत ठेवली आहे. इथे मर्यादा दोन हजारांनी ओलांडली तरी सगळा लाभ जातो, आणि पर्याय सुचवावा अशी एखादी वजावटही नाही. हे मला अन्याय्य वाटते. "बाकीचे लोक वरचे रोख घेतात, कागदावर दाखवत नाहीत," असेही मावशी सहज बोलून गेल्या. करसल्लागाराच्याच कचेरीत ते शक्य नव्हते.

तोटा भरून निघण्यासाठी महिना दीड हजाराहून जास्त वाढ द्यावी लागली असती, आणि तेवढी मला परवडणारी नव्हती. शिवाय मावशींचे म्हणणे वेगळेच होते : "पगार घरखर्चात जातो. ते दीड हजार माझ्या खात्यात येतात, त्यांचा हिशेब कुणी विचारत नाही." त्यांचा पगार 8,500 च ठेवला.