बँजो सराव: सोलो बंद, फक्त जे. डी. क्रो यांचं बॅकअप

सध्या सोलो बाजूला ठेवलेत. कान फक्त ब्लूग्रासचे (अमेरिकेतल्या लोकसंगीताचा एक वेगवान प्रकार) बँजोवादक जे. डी. क्रो यांच्याकडे, आणि तेही गायक गात असताना ते मागे काय वाजवतात तेवढ्याकडेच. बराच वेळ नुसता व्हँप, म्हणजे मधल्या ठोक्यांवर (ऑफबीट) तुटक वाजवलेले कॉर्ड. ओळ संपून गायकाने श्वास घेतला की त्या फटीत एक छोटा लिक (सुरांचा तुकडा), की परत गप्प.

हे धरायला क्रो यांच्या न्यू साऊथ बँडचा १९७५ चा अल्बम घेतलाय, आपण सगळे ज्याला त्याच्या कॅटलॉग क्रमांकावरून नुसतं 'डबल ओ फोर्टी-फोर' म्हणतो तो. पहिलंच गाणं 'ओल्ड होम प्लेस', सूर बी फ्लॅट. म्हणजे तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) आणि पाचवी तारही तेवढीच वर. माझ्या बँजोवर स्पाइक (पाचवी तार अडकवायचे छोटे खिळे) सातव्या आणि नवव्या फ्रेटलाच आहेत, म्हणून तार सातव्यात अडकवून उरलेला अर्धा सूर खुंटीने चढवतो. पिळताना माझी मान आपोआप मागे जाते, तार कधी तोंडावर येईल सांगता येत नाही!

बोटं बसली, आता काम टायमिंगचं. फॉरवर्ड रोलचे (बोटांनी ठरावीक क्रमाने तारा छेडत जाण्याचे) आठ स्वर तीन-तीन-दोन असे पडतात आणि शेवटच्या दोनला अंगठा पुढे पळू पाहतो. मेट्रोनोम आता फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला वाजतो. वेग मुद्दाम कमी ठेवलाय.

क्रो यांचं टायमिंग आभाळातून पडलेलं नव्हतं. जन्म १९३७, लेक्सिंग्टन, केंटकी. फ्लॅट आणि स्क्रग्ज ही ब्लूग्रासची जोडी त्या गावात वाजवायची तेव्हा हा पोरगा त्यातले बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांचा उजवा हात बघत बसायचा. १९५६ पासून ब्लूग्रास गायक जिमी मार्टिन यांच्या बँडमध्ये, आणि तिथे ठोका ढिला पडलेला खपायचा नाही. पुढे स्वतःचा बँड केंटकी माउंटन बॉइज, त्याचाच न्यू साऊथ झाला. लेक्सिंग्टनच्या हॉलिडे इन हॉटेलमध्ये रात्रीमागून रात्री वाजवून हात तयार झालेला.

७५ च्या अल्बमवर गिटारला टोनी राइस, मँडोलिनला रिकी स्कॅग्ज, डोब्रोवर (आडवी धरून, तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवायची गिटार) विशीही न गाठलेला जेरी डग्लस, बासवर बॉबी स्लोन. बँड आपल्या नावाचा, तरी क्रो या पोरांना मोकळं रान देतात. माझ्या मते त्यांची खरी पुढारकी इथे ऐकू येते, किकऑफमध्ये (गाणं सुरू करून देणाऱ्या बँजोच्या तुकड्यात) नाही. त्याच वर्षी जपान दौऱ्यानंतर संच फुटला. राइस मँडोलिनवादक डेव्हिड ग्रिस्मन यांच्याकडे गेले, स्कॅग्ज आणि डग्लस यांनी बून क्रीक हा बँड काढला. क्रो यांनी नवी माणसं जमवली. काही वर्षांत कीथ व्हिटली त्यांच्याकडे गायला आले.

आता दुसरी तार दहाव्या फ्रेटवर बाजूला ओढून सूर चढवायचा चोक सरावाला घेतोय. सतारीच्या मींडेसारखा लांबवला की ब्लूग्रासमधून बाहेर पडतो, झटक्यात सोडावा लागतो. आणि व्हँप घेताना उजवा हात ब्रिजपासून (तारा टेकतात ती घोडी) थोडा बँजोच्या मानेकडे सरकवून बघा. आवाज जाड होतो, गायकाच्या आड येत नाही.