तुम्ही विचारलंत म्हणून: पीएचडीनंतर पुन्हा शिकायचं काय?

‘पीएचडी झाली, पेपर छापून आले, मग आरोग्यविषयक इंटरव्हेन्शन, म्हणजे तब्येत किंवा सवयी सुधारायचा उपाय, आखायला आणखी दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर मार्गदर्शकांकडे राहून करायचं संशोधन, कशाला?’ हे मला नेहमी विचारलं जातं.

पीएचडीत बहुतेकांनी ‘असं का होतं’ हे शोधलेलं असतं. ‘मग करायचं काय, ते कोणी आणि किती वेळा’ हे ठरवणं वेगळं काम आहे. रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांचंच बघा. नवखा संशोधक लगेच आठवणीचे मेसेज लिहायला घेतो. मेसेज उपयोगी पडतो तो विसरणाऱ्याला. बरं वाटतंय म्हणून थांबलेला, चक्कर येते म्हणून टाळणारा, गोळ्या संपल्यावर आणायला न जमणारा, या तिघांचं त्यानं काहीच भागत नाही. म्हणून सुरुवातीचे महिने मुलाखतींचे. माणूस असा का वागतो हे तपासायचं २०११ सालचं कॉम-बी मॉडेल इथे हाताशी लागतं: अडचण क्षमतेची आहे, संधीची की प्रेरणेची? हे कळेपर्यंत उपाय निवडायचा नाही.

मग लिहून काढणं. ‘समुपदेशन केलं जाईल’ हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, चालत नाही. ‘प्रशिक्षित नर्स, समोरासमोर, २० मिनिटं, दर दोन आठवड्यांनी, एकूण ४ वेळा’ असं हवं. टायडिअर ही उपायाचं वर्णन नेमकं कसं लिहावं याची १२ मुद्द्यांची यादी त्यासाठीच आहे. ती पेपर लिहिताना नाही, आखणी करतानाच समोर ठेवावी.

सगळ्यात जास्त चुका पायलटमध्ये, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीत, होतात. ३०-४० जणांवरून परिणाम किती झाला ते काढतात आणि त्याच आकड्यावर मुख्य ट्रायलचा (उपायाची खरी चाचणी) सँपल साइज, म्हणजे किती माणसं घ्यायची तो आकडा, बेततात. इतक्या थोड्या लोकांत तो आकडा नुसता हेलकावे खातो. योगायोगानं मोठा आला, तर मुख्य ट्रायल लहान पडतो आणि चांगला उपायही निरुपयोगी ठरतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही चूक टाळता येते. पायलटमध्ये बघायचं ते एवढंच: किती जण तयार झाले, किती गळाले, ठरलेली सत्रं ठरल्याप्रमाणे झाली का. पुढे जायचं की थांबायचं याचे निकष आधीच लिहून ठेवायचे. सँपल साइज काढायचा तो रुग्णाच्या दृष्टीनं ज्याला अर्थ आहे अशा किमान फरकावरून.

व्यक्तींऐवजी दवाखान्यांचं रँडमायझेशन असेल, म्हणजे कोणत्या दवाखान्यात उपाय द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, तर आणखी एक हिशेब. दर दवाखान्यात २० जण आणि त्यांच्यातलं आपसातलं साम्य, म्हणजे आयसीसी, ०.०५ धरलं, तर १ + १९ × ०.०५ = १.९५ पट माणसं लागतात. जिथे २०० पुरले असते तिथे ३९० लागतात.

अर्ज करण्याआधी मार्गदर्शकांना विचारा: मी असेन त्या काळात इथला कोणता ट्रायल कोणत्या टप्प्यावर असेल? आखणीपासून निकालापर्यंतचा पूर्ण फेरा दोन-तीन वर्षांत सहसा बसत नाही. तेव्हा स्वतःचा एक पायलट, आणि चालू असलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये सत्रं ठरल्याप्रमाणे झाली का ते रेकॉर्डिंग ऐकून तपासायचं काम, अशी जोडी मागून घ्या.