सत्तावीस कोटींच्या पेट्या

दुपारी पडवीत आंबे भरायला बसलं की हात कामात आणि तोंड रिकामं. मग दुसऱ्याच्या पैशाचे विषय निघतात. परवा पुतण्याने क्रिकेटचा काढला. 2024 च्या आयपीएल लिलावात लखनऊने ऋषभ पंतला 27 कोटींना घेतलं, तो. काका पेटीत पेंढा पसरत होते. कोटीचा आकडा त्यांच्या डोक्यात थेट शिरत नाही, आधी त्याचे आंबे करावे लागतात.

"म्हणजे पेट्यो किती रे?"

तीन हजारांची पेटी धरली तर नव्वद हजार. आमच्या कलमांना बरं वर्ष असलं तर शंभर पेट्या भरतात. म्हणजे नऊशे वर्षं. पुतण्या हसला. काका नाही. "फवारणी, राखणदार, दलाली वजा केलंस?"

हा प्रश्न बातमी देणारे सहसा विचारत नाहीत. बोली एका हंगामाची, तीही कर भरायच्या आधीची. श्रीमंतांच्या याद्यांत देणी वजा करतात म्हणे, पण दुसऱ्याची देणी बाहेरून कोणाला दिसतात? आमच्या वाडीत कोणाचं सोसायटीचं कर्ज थकलंय हे मात्र गुरवापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक.

बास्केटबॉलवाल्या मायकेल जॉर्डनचं तर आणखी मजेशीर. खेळायचा पगार सगळी कारकीर्द मिळून साधारण साडेनऊ कोटी डॉलर, आणि फोर्ब्स त्याची मालमत्ता धरतं तीनशे कोटी डॉलरांच्या वर. बाकीचं आलं बुटांवरच्या नावातून आणि 2023 मध्ये बास्केटबॉल संघातला मोठा हिस्सा विकून. देवगडात हे समजावून सांगावं लागत नाही. आंबा कुठलाही असो, पेटीवर 'देवगड' छापलं की भाव चढतो.

पुढाऱ्यांचा हिशेब निदान शपथेवर असतो. न्यायालयाने लावून धरलं म्हणून 2003 पासून उमेदवाराला सगळं लिहून द्यावं लागतं: बायकोचं सोनं, गाड्या, कर्ज, जमिनीचा गट नंबर. निवडणुकीत ही शपथपत्रं मी कादंबरीसारखी वाचतो. एका कोट्यधीशाच्या कागदात 'वडिलोपार्जित, सामाईक' असे शब्द दिसले आणि एकदम तो आपल्यातलाच वाटला.

"दंडवत्यांच्या वेळेक ह्या कायव नव्हता," काका म्हणाले. मधू दंडवते 1971 ते 1991 आमच्या राजापूरचे खासदार. रेल्वेमंत्री झाले, पुढे अर्थमंत्री. त्यांच्याकडे काय होतं ते काकांना माहीत नाही. पण रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात लाकडी फळीवर झोपायचे दिवस काकांनी काढलेत, आणि त्या फळीवर गादी आली ती दंडवत्यांमुळे. एवढं सांगून ते पेंढा पसरायला लागले.

पुतण्याने मग माझंच शपथपत्र भरायला घेतलं. सोनं: एक अंगठी, तीही लग्नातली, आता बोटात शिरत नाही. वाहन: स्कूटर. कर्ज: पंपाचं. जमिनीवर गाडी अडली. सातबाऱ्यावर तेवीस नावं, त्यांतले नऊ जण कधीच वारले, चौघे मुंबईला, एक कुठे आहे ते देवाला ठाऊक. बराच वेळ भागाकार करून त्याने जाहीर केलं, माझ्या वाट्याला दोन कलमं आणि तिसऱ्याच्या काही फांद्या.

"त्यातली एक फांदी गडग्याच्या पलीकडे गेलेली आसा," काका मान वर न करता म्हणाले. "ती लिहू नको."