मेणवलीची घंटा

नववीच्या सहामाहीच्या पेपरात एका मुलाने चिमाजी अप्पांना १८०२ सालच्या वसईच्या तहावर सही करायला लावली होती. तो मुलगा मीच. १७३९ चा वसईचा विजय आणि दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह, दोन्हींत वसई आहे एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. इतिहासाच्या बाईंनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला. सगळे हसले, बाई मात्र हसल्या नाहीत. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हाला मेणवलीला चालत नेलं.

वाईच्या पोरांना मेणवली म्हणजे पोहायची जागा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि शेजारच्या छोट्या दगडी चौथऱ्यावर टांगलेली भलीमोठी घंटा. ती बडवून आम्ही कैकदा गुरवाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. घंटेवर बाळाला घेतलेली एक बाई आहे, ती यशोदा, असं आम्ही खुशाल धरून चाललो होतो. बाईंनी वहीचा कागद घंटेवर दाबून धरायला लावला आणि वरून पेन्सिल आडवी घासायला सांगितली. हळूहळू कागदावर बाई उमटली, बाळ उमटलं आणि १७०७ हा आकडा.

"ही यशोदा नव्हे," बाई म्हणाल्या. "ही मेरी. वसईहून आली आहे. सहलीला जाऊ तेव्हा तिचं माहेर बघू."

सहल खरं तर मुंबईची होती. राणीची बाग, मत्स्यालय, चौपाटी. वसईपायी मत्स्यालय रद्द झालं, त्यामुळे घोडबंदरपर्यंत एसटीत निम्मा वर्ग बाईंवर रुसून बसला होता. मीही.

किल्ल्यात शिरलो तर डोंगर नाही, चढ नाही. आम्हाला किल्ला म्हणजे पांडवगड किंवा वैराटगड. हा सपाट किल्ला बघून पोरं म्हणाली, यात जिंकायचं काय होतं? बाईंनी आम्हाला उत्तरेच्या तटाशी नेलं. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, जमिनीवरून वाट एवढी एकच. इथेच चिमाजी अप्पांच्या फौजेने फेब्रुवारी ते मे १७३९ असा वेढा घातला, वरून गोळे पडत असताना चर खणत खणत तटापर्यंत गेली, बुरुजाखाली सुरुंग भरले. 'किल्ला मिळत नसेल तर माझं मस्तक तोफेने आत उडवा,' ही अप्पांची गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती. बाई तिथे थांबल्या नाहीत. सगळे सुरुंग एकदम उडाले नाहीत, त्यांनी सांगितलं. खिंडार पडलं म्हणून आपली माणसं आत धावली आणि उरलेले सुरुंग त्यांच्याच पायाखाली उडाले. मराठ्यांकडचे मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांच्या घरात. आपल्या शाळेत तेव्हा हजारभर मुलं होती. मी मनातल्या मनात शाळेचं मैदान पाच वेळा भरून पाहिलं.

शरण आलेल्या पोर्तुगीजांना बायकामुलांसह, सामानसुमानासह जाऊ दिलं. दोनशे पाच वर्षं राहून ते गेले. घंटा राहिल्या. त्या मग भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, आपल्या मेणवलीला अशा गावोगाव गेल्या.

"बाई, म्हणजे ती आपण चोरली?" आमच्यातल्या एकाने विचारलं.

"चोरली नाही, लुटून आणली. शब्द नीट वापर."

पडक्या चर्चच्या मनोऱ्याखाली उभं राहून वर पाहिलं. कमानी होत्या, त्यातून आभाळ दिसत होतं, पिंपळाची मुळं लोंबत होती. वाईला त्या घंटेशेजारी इतके उन्हाळे काढले, पण ती कुठून तरी काढून आणलेली आहे हे मला तिथे, त्या रिकाम्या कमानीकडे बघताना कळलं.

बाहेर लाल लुगडं नेसलेली एक म्हातारी बोरं विकत बसली होती. मी बोरं घेताना खिशातला कागद बाहेर आला. तिने तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि कपाळाला लावून छातीवर क्रूस काढला. कुठला म्हणून विचारलं. मी जमेल तसं सांगितलं. लुटून आणली हा शब्द मात्र तोंडातून निघेना, 'आमच्या गावाला आहे' एवढंच म्हणालो.

"वाजते अजून?" तिने विचारलं.

"रोज," मी म्हणालो. गुरवाच्या शिव्यांचं सांगितलं नाही.

कागद परत मागायचा धीर झाला नाही. तिने बोरांचे पैसे घेतले नाहीत.

सहलीच्या वहीत 'ठसा चिकटवा' असा एक चौकोन होता. माझा रिकामा राहिला आणि बाईंनी दोन मार्क कापले. कारण विचारलं, तेव्हा हरवला म्हणून सांगितलं. बाई आज सुवर्णमहोत्सवाला येणार आहेत असं कळलं, म्हणून खरं काय ते इथे लिहून टाकतो आहे.